हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, माटुंगा: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

दादर-माटुंगा पूर्वेला घर बघायला येणारे बहुतेक जण झाडे पाहून हरखतात आणि पहिल्याच भेटीत होकार देऊन बसतात. हरखणे रास्त आहे, घाई मात्र नडते. मी या भागात भाड्याने राहायला आलो तेव्हा मलाही सांगणारे कोणी नव्हते, आणि आता आमच्या इमारतीत नवे कुटुंब आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी ज्या गोष्टी बोलाव्या लागतात, त्याच येथे क्रमाने लिहीत आहे. घर ठरवण्यापासून पहिला पावसाळा निभावण्यापर्यंतचा हा क्रम आहे आणि त्यात झाडांना अधिक जागा दिली आहे, कारण या वस्तीतले अर्धे प्रश्न आणि जवळजवळ सगळे सुख झाडांपाशीच येऊन थांबते.

सुरुवात नकाशापासून करावी, आणि नकाशा कळण्यासाठी ही वस्ती कशी झाली हे थोडक्यात माहीत असावे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, दाटीवाटीच्या चाळींत माणसे दगावू लागली, आणि शहराला हवा-उजेड मिळावा म्हणून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या तेव्हाच्या शेते-वाड्यांच्या पट्ट्यात आधी रस्ते आखले, मग भूखंड पाडले आणि नंतर इमारती येऊ दिल्या. प्रत्येक इमारतीच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडण्याचा दंडक होता, तिलाच महापालिकेच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. आज आपल्या खिडकीसमोर जो आंबा किंवा फणस दिसतो तो बहुधा याच सोडलेल्या जागेत उभा असतो. तेव्हाचा किंग्जवे म्हणजे आताचा डॉ. आंबेडकर मार्ग हा या आखणीचा कणा आहे. त्याच ट्रस्टमधले अभियंता मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी 103 भूखंड राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. फाइव्ह गार्डन्सला आज त्यांचेच नाव आहे. मुंबईतल्या इतर पारशी बागांना भिंत आणि फाटक असते, या कॉलनीला ते नाही, त्यामुळे तिच्या रस्त्यांवरून कोणीही चालू शकतो. तेथील इमारतींतील घरे मात्र प्रामुख्याने पारशी समाजासाठी राखीव आहेत, हे घर शोधणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे आणि दलालाच्या बोलण्यावर विसंबून तेथे चकरा मारू नयेत.

नव्या माणसाला सर्वांत आधी चकवतात ती स्थानके. मध्य रेल्वेचे स्थानक माटुंगा, पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड, आणि हार्बर मार्गावरचे किंग्ज सर्कल, अशी तीन निरनिराळी स्थानके आहेत. रुइया, पोदार, व्हीजेटीआय या महाविद्यालयांकडे किंवा फाइव्ह गार्डन्सला येणाऱ्या पाहुण्याला नुसते “माटुंग्याला उतरा” असे सांगितले, तर निम्म्या वेळा तो रुळांच्या पलीकडे उतरतो. मग त्याला पादचाऱ्यांच्या झेड ब्रिजवरून चालत यावे लागते. म्हणून “मध्य रेल्वेचे माटुंगा, पूर्व बाजू” असे पूर्ण सांगण्याची सवय लावून घ्यावी. पत्ता लिहिताना हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि टीटीकडच्या भागाला 400014 आणि माटुंग्याला 400019 हा पिन लागतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम 1964 मध्येच बंद झाली, तरी खोदादाद सर्कलला आजही सगळे दादर टीटीच म्हणतात. उपनगरांतून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: रिक्षा शीवच्या अलीकडे येत नाहीत. येथे टॅक्सी, बेस्टची बस किंवा आपले पाय, आणि या भागात पायांइतके सोयीचे दुसरे काही नाही.

आता घर. एकच घर निदान तीन वेगवेगळ्या वेळी बघावे. सकाळी आठच्या सुमारास गेले की महाविद्यालयांकडे जाणारी मुले, त्यांच्या दुचाक्या आणि इमारतीच्या फाटकासमोर अडणारी जागा दिसते. या एका छोट्या टापूत रुइया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञान संस्था आहेत, त्यामुळे शाळा-महाविद्यालये सुरू असताना आणि मे महिन्यात तीच गल्ली अगदी वेगळी भासते. भर दुपारी एक वाजता जाऊन घरातले सगळे दिवे बंद करावेत आणि प्रत्येक खोलीत पाच मिनिटे बसावे. झाडांची गर्द सावली बाहेरून कितीही मोहक वाटली, तरी पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागत असेल, तर ते आपल्याला वर्षभर सोसायचे आहे. तिसरी भेट जमल्यास पावसात द्यावी. ते शक्य नसेल तर भिंतीतले कपाट उघडून आत हात घालावा, तळाला बोट फिरवावे आणि वास घ्यावा. जुन्या इमारतीत ओल कपाटाच्या मागच्या भिंतीत धरते, आणि नव्याने मारलेला रंग तिला लपवतो, पण वासाला लपवू शकत नाही. मी हे केले नव्हते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वडिलांच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी आली तेव्हा ही गोष्ट मला कळली.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि तिच्याकडेच लोक दुर्लक्ष करतात: इमारत कोणत्या प्रकारची आहे हे विचारणे. येथे दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या शेजारच्या इमारतींचे कायदेशीर स्वरूप पूर्णपणे वेगळे असू शकते. एक सहकारी गृहनिर्माण संस्था असते, तिथे आपला मालक हा संस्थेचा सभासद असतो आणि घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था त्याच्याकडून सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. हे शुल्क मालक भरणार की आपण, ते आधीच ठरवून घ्यावे. दुसरी पागडीची असते, म्हणजे जी व्यक्ती आपल्याला “माझे घर” म्हणून दाखवते ती स्वतः इमारतमालकाची भाडेकरू असते. अशा व्यक्तीने इमारतमालकाच्या लेखी संमतीशिवाय आपल्याला ठेवले, तर तिचाही हक्क धोक्यात येतो आणि आपलाही निवारा. म्हणून घराची भाडेपावती दाखवा असे नम्रपणे म्हणावे, आणि पावतीवरचे नाव व आपल्याशी करार करणाऱ्याचे नाव जुळते का ते बघावे. शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणाऱ्या, इमारतींची दुरुस्ती म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते, त्यामुळे गळक्या गच्चीबद्दल कोणाकडे जायचे याचे उत्तरही इमारतीच्या प्रकारावरच ठरते.

याच वेळी पुनर्विकासाचा प्रश्न सरळ विचारावा. दोन-तीन मजली इमारती पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहण्याचे काम या भागात जोरात चालू आहे, आणि आपण सामान लावून होते न होते तोच घर रिकामे करण्याची नोटीस येऊ शकते. संस्थेने विकासक नेमण्याचा ठराव केला आहे का, शेजारच्या भूखंडावर काम सुरू होणार आहे का, हे मालकापेक्षा इमारतीचा पहारेकरी आणि तळमजल्यावरचे जुने रहिवासी अधिक खरे सांगतात. शेजारी पाडकाम असेल तर निदान दोन वर्षे धूळ आणि आवाज गृहीत धरावा, आणि घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर ते घर सोडून द्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. “अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही” हा समज मुंबईत सर्रास ऐकू येतो, तो चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असली तरी लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झाली नसेल आणि वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणेच खरे धरले जाते, ही गोष्ट टाळाटाळ करणाऱ्या मालकाला शांतपणे सांगितली की काम बहुधा मार्गी लागते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असते, अनामत रकमेवर धरलेले व्याजही त्यात मोजतात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये आहे. आधार आणि बोटांचे ठसे यांच्या आधारे हे काम घरबसल्या ऑनलाइन होते. करारात तीन वाक्ये आवर्जून घालावीत: पुनर्विकासामुळे घर सोडावे लागल्यास किती महिन्यांची सूचना मिळेल, अनामत किती दिवसांत परत मिळेल, आणि गळती व ओल यांची दुरुस्ती कोण करील. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला कळवण्याचे काम मालकाने केले का, तेही विचारून पोच मागून घ्यावी.

सामान आणल्यावर पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात: पाणी किती वाजता येते आणि ओला-सुका कचरा कोठे ठेवायचा. वीज या भागात बेस्टची आहे. बाकी गोष्टी हळूहळू कळतात.

आता झाडे. सुरुवातीच्या काळी या वस्तीत रस्त्यारस्त्याला विचारपूर्वक झाडे लावली गेली, म्हणून आजही एखाद्या रस्त्यावर महोगनीची रांग लागते, कोठे पर्जन्यवृक्षांची कमान होते, कोठे सोनमोहोर फुलतो. ज्याला आपण रेन ट्री म्हणतो तो पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिका खंडातला आहे. त्याची पाने संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मी तळमजल्यावरच्या काकूंना विचारले की झाड सुकते आहे का. त्यांनी एक खाली वाकलेली डहाळी धरून दाखवली: जोडीजोडीने असलेल्या पर्णिका हात जोडावेत तशा मिटलेल्या होत्या, आणि दिवसभर झाकलेले आकाश त्यांच्यामधून दिसत होते. “उद्या सकाळी सातला बघ,” एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी ते छत पुन्हा पूर्ण पसरले होते. तेव्हापासून संध्याकाळी घरात थोडा अधिक उजेड का येतो याचे कारण मला शोधावे लागले नाही.

या झाडांचे एक वर्षाचे वेळापत्रक असते आणि ते माहीत असले की चिडचिड होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये महोगनी काही दिवसांत सगळी पाने टाकते आणि लगेच कोवळ्या पालवीने भरते. त्याच सुमारास तिची लाकडासारखी टणक फळे उकलतात आणि तपकिरी पंखांच्या बिया गरगरत खाली येतात. गच्चीवर किंवा खिडकीच्या छज्जावर पडलेली एक बी उचलून पुन्हा वरून सोडावी, मुले तासभर दुसरे काही मागत नाहीत. मात्र त्याच पानांनी गच्चीचे पन्हळ तुंबते, म्हणून मार्चअखेर आणि पुन्हा मे महिन्यात पन्हळे साफ करून घ्यावीत. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा काळ्या आणि चिकट असतात, त्या चपलेला चिकटून घरात येतात आणि फरशीवर डाग पाडतात, म्हणून चपला दाराबाहेर काढाव्यात. उन्हाळ्यात तांबट पक्षी दुपारभर ठोके दिल्यासारखा ओरडत राहतो. तो पंप बिघडल्याचा आवाज नाही, त्यासाठी प्लंबरला बोलावू नये. पडलेली पाने जाळू मात्र नयेत. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत एका कोपऱ्यात खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करून ती कुजवली, तर वर्षभरात कुंड्यांना पुरेल इतके खत होते, आणि आमच्या इमारतीत ते होतेही.

नव्या रहिवाशांकडून होणाऱ्या चुका बहुतेक अजाणतेपणी होतात. बुंध्याला खिळे ठोकून पाटी लावणे, सणासुदीला दिव्यांच्या माळा तारेने आवळून बांधणे, गाडी नीट उभी राहावी म्हणून बुंध्यापर्यंत लादी बसवून घेणे, या तिन्ही गोष्टींनी झाड मरणाच्या वाटेला लागते. बुंध्याभोवती चारही बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी राहिली पाहिजे, कारण मुळांना पाणी आणि हवा तेथूनच मिळते. आमच्या गल्लीत एका ठेकेदाराने पदपथ करताना सोनमोहोराच्या बुंध्याला थेट काँक्रीट भिडवले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या एका बाजूच्या फांद्या बोडक्या राहिल्या, आणि पुढच्या पावसात तीच बाजू माझ्या स्कूटरवर आली. पहाटेची वेळ होती म्हणून माणूस वाचला. काँक्रीट फोडायला लागलेला खर्च अगदीच किरकोळ होता आणि तो आम्ही तीन वर्षे आधी करायला हवा होता, याचे मला आजही वाईट वाटते.

फांद्या खिडकीत येत असतील किंवा झाड झुकले असेल, तर स्वतः माळी बोलावून तोड करू नये. महाराष्ट्रात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि आपल्या आवारातले, आपण स्वतः लावलेले झाड असले तरी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नियम ढोबळमानाने असा की रस्त्यावरच्या झाडाची छाटणी महापालिका करते, तर आवारातल्या झाडाची छाटणी परवानगी घेऊन इमारतीने आपल्या खर्चाने करायची असते. या भागासाठी महापालिकेचा एफ उत्तर विभाग आहे आणि त्याचे कार्यालय माटुंग्यातच भाऊ दाजी मार्गावर आहे. उद्यान खात्याकडे अर्ज मार्च-एप्रिलमध्येच द्यावा. मे महिन्याच्या शेवटी सगळे शहर एकदम अर्ज करते आणि आपला क्रमांक पाऊस सुरू झाल्यावर लागतो. छाटणीच्या दिवशी घरातल्या एकाने खाली उभे राहावे, कारण गाडीत फांद्या भरण्याच्या घाईत एकाच बाजूची छाटणी झाली की झाडाचा तोल जातो आणि वाऱ्यात ते दुसऱ्या बाजूला कलंडते. कधी बुंध्यावर कागद चिकटवलेला दिसेल, तर जाता जाता थांबून तो वाचावा. झाड तोडण्याच्या प्रस्तावाची ती जाहीर सूचना असते, आणि त्यावर कोणाही नागरिकाला हरकत घेता येते, भाडेकरूलाही.

पावसाळ्यात या भागाची दोन ठिकाणे लक्षात ठेवावीत. एक परळकडच्या बाजूला हिंदमाता, दुसरे किंग्ज सर्कलजवळचे गांधी मार्केट. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की दोन्हीकडे पाणी साचते, म्हणून जून ते सप्टेंबर भरतीच्या वेळा बघण्याची सवय लावावी. गाडी मोठ्या झाडाखाली लावू नये, विशेषतः पहिल्या दोन-तीन वादळी सरींत. झाड किंवा फांदी पडल्यास महापालिकेचा 1916 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये. झाडीमुळे डास मुळातच जास्त असतात, आणि हिवताप-डेंग्यूची तपासणी करायला येणारे कर्मचारी नेमक्या त्या ताटल्याच बघतात.

बाजारहाटासाठी माटुंगा स्थानकाबाहेरचा भांडारकर मार्गाचा परिसर पुरेसा आहे. केळीची पाने, मोगऱ्याचे गजरे, ताजी दळून मिळणारी कॉफी, कच्ची केळी आणि शेवग्याच्या शेंगा येथे जशा मिळतात तशा मुंबईत इतरत्र क्वचितच मिळतात. कॉफी घेताना चिकोरी किती टक्के हवी ते विचारतात, पहिल्यांदा थोडी कमीच सांगावी. न्याहारीसाठी रामाश्रय आणि कॅफे मद्रास येथे रविवारी सकाळी रांग असते, कामाच्या दिवशी सकाळी लवकर गेल्यास लगेच जागा मिळते. वाचणाऱ्यांनी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे दादर पूर्वेचे वाचनालय पहिल्याच महिन्यात गाठावे. 1898 मध्ये, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या वर्षीच, ही संस्था सुरू झाली.

वर्षातले दोन प्रसंग आधीच ध्यानात ठेवून बाहेरची कामे आखावीत. गणेशोत्सवात किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाच्या गणपतीला पाच दिवस दर्शनाची मोठी रीघ असते आणि त्या बाजूची वाहतूक मंदावते. दुसरा प्रसंग 6 डिसेंबरचा. हिंदू कॉलनीत राजगृह हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घर आहे, आपल्या अफाट ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून त्यांनी ते बांधून घेतले. चैत्यभूमीला आलेली राज्यभरची माणसे तेथेही येतात, लेकराबाळांसह, रात्रभर प्रवास करून. त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये, आणि इमारतीच्या फाटकापाशी पिण्याच्या पाण्याचे दोन पिंप आणि स्वच्छ पेले ठेवावेत. आमच्या इमारतीत हे काम नव्याने आलेल्या बिऱ्हाडाकडे देतात. पिंप आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचे असतात, कारण सकाळी पाण्याची वेळ संपते त्याच्या आतच माणसे यायला लागलेली असतात.